शोधयंत्र बसवलं, मग दाराला कडी लावली



ओव्या, शेळ्यांचे आजार, बाळंतिणीचा आहार, बचतगटाचे हिशेब असं सगळं तुम्ही आपल्या केंद्रावरून ऐकता. आज आम्ही आमच्या ऑफिसातल्या एका जुन्या कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहोत. आणि आमच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दलही.

गेल्या काही वर्षांचे कार्यक्रम आमच्याकडे साठलेत. प्रत्येक बोलण्याचं लेखी टिपण आम्ही ठेवतो. पण एखादीचा फोन यायचा, "ताई, मागं शेवग्याच्या पाल्यावर कोण बोललं होतं हो?" की आम्ही फाइली उघडत बसायचो. दुपार त्यातच जायची. मग ठरवलं, आपल्याच कॉम्प्युटरवर शोधयंत्र बसवायचं, फक्त आपल्या टिपणांत शोधणारं.

आम्ही घेतलं अपाची सोलर. नाव ऐकून आमच्या एका काकूंनी छपराकडे पाहिलं; त्यांना वाटलं, पॅनेल येणार. २००४ साली अमेरिकेत योनिक सीली यांनी सीनेट कंपनीत असताना ते तयार केलं, २००६ मध्ये ते अपाचीकडे आलं. फुकट मिळतं. त्याच्या पोटात शोधायचं खरं काम ल्युसीन करतं. ते लिहिलं डग कटिंग यांनी, आणि ल्युसीन हे त्यांच्या बायकोचं मधलं नाव, तिच्या आईच्या आईचंही नाव. यंत्राला आजीचं नाव! आम्हाला ते तिथंच आवडलं.

हे सोलर जावावर चालतं. म्हणजे आपल्या घरातल्या जावा नव्हेत, पण त्यांच्याशीही जमवून घ्यावंच लागतं. सोलरच्या ९ नंबरच्या आवृत्तीला जावा ११ किंवा पुढची लागते. आमच्याकडे होती ८, त्यामुळे सुरूच होईना. नवी जावा घातली, आणि सोलरबरोबर येणारी बसवायची स्क्रिप्ट चालवली. ती स्क्रिप्ट 'सोलर' नावाचा वेगळा वापरकर्ता तयार करते, आणि सोलर त्याच्याच नावावर चालतं. रूट, म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, त्याच्या नावावर ते सहसा चालायलाच तयार होत नाही. एका कामासाठी एकच किल्ली, हे आम्हाला पटलं. वीज जाऊन आली तरी ते आपोआप सुरू होतं, आणि आमच्याकडे वीज कशी जाते ते तुम्हाला ठाऊक आहे.

बसवणं अर्ध्या तासात झालं. ते चालतं ठेवणं हेच खरं काम निघालं.

सोलर सुरू होताना जावाला मेमरीचा एक वाटा ठरवून देतं, त्याला हीप म्हणतात. आपण काही सांगितलं नाही तर ५१२ एमबी. आम्ही वर्डच्या फाइली, जाडजूड पीडीएफ, सगळं सोलरनंच उलगडून वाचावं म्हणून त्याच्याकडे ढकललं. मेमरी संपली आणि ते बंद पडलं. मेमरी संपल्यावर अर्धवट रखडत राहण्यापेक्षा ते बंदच पडतं, आणि तेच बरं. पण आम्ही घाबरून ४ जीबीच्या कॉम्प्युटरमधले ३ जीबी हीपला देऊन टाकले. मग सगळंच गोगलगायीसारखं! कारण शोधाच्या फाइली लवकर सापडाव्यात म्हणून त्या कॉम्प्युटरच्या उरलेल्या मेमरीत राहतात, आणि ती आम्हीच संपवली होती. ओट्यावर मोठं पातेलं चढवलं की पोळपाट कुठं ठेवणार? शेवटी हीपला १ जीबी दिला, आणि फाइलींतला मजकूर बाहेरच वेगळा काढून फक्त तोच सोलरला द्यायला लागलो. त्यानंतर कुरकुर नाही.

मराठीनं मात्र घाम काढला. 'विहीर' शोधलं तर 'विहिरीला' सापडेना. मग समान शब्दांच्या फाइलीत विहीर, विहिरीत, विहिरीचा अशा ओळी हातानं लिहिल्या. अजून लिहितोय.

आता चुकीकडे येतो. सोलर ८९८३ नंबरच्या पोर्टवर ऐकतं, आणि ९ च्या आवृत्तीपासून मूळ सेटिंगनुसार फक्त त्याच कॉम्प्युटरवरून उघडतं. आम्हाला ते गैरसोयीचं वाटलं. दुसऱ्या लॅपटॉपवरूनही दिसावं म्हणून आम्ही ते बदलून सगळ्यांसाठी खुलं केलं. आता सोलर बसवल्याबरोबर त्याला पासवर्ड नसतो, तो आपण लावायचा असतो. तो लावायचं आमच्या ध्यानातच आलं नाही.

प्रशिक्षणाला आलेल्या एका पोरानं केंद्राचं वायफाय घेऊन मोबाईलवर तो पत्ता उघडला. वाईट हेतू नव्हता त्याचा. पण शोधता शोधता त्याच्यासमोर आलं ते घरातल्या मारहाणीबद्दल बोललेल्या एका बाईचं टिपण. कार्यक्रमात आम्ही तिचं नाव बदललं होतं. टिपणात खरं नाव होतं, गावही होतं. त्यानं लगेच येऊन आम्हाला दाखवलं. आम्हाला काय बोलावं सुचेना.

त्याच दिवशी पोर्ट पुन्हा त्या एका कॉम्प्युटरपुरतं केलं, पासवर्ड लावला. आता शोधायचं तर त्याच खुर्चीत येऊन बसावं लागतं. तशी सगळी टिपणं शोधातून काढली. नुसतं पुसून भागत नाही, कमिट केल्यावरच ती निकालांतून जातात. आणि मग कळलं, की कुणी काय शोधलं हेही सोलर लॉगमध्ये लिहून ठेवतं. आम्हीच कधीतरी तिचं नाव टाकून शोधलं होतं, ते तिथं जसंच्या तसं. ते लॉगही पुसले.

तिला सांगायचं की नाही, यावर आमच्यात वाद झाला. नको, उगाच घाबरेल, असं दोघींचं म्हणणं. बाकीच्यांना वाटलं, गोष्ट तिची आहे, लपवणाऱ्या आपण कोण? आम्ही दोघी-तिघी तिच्या माहेरी गेलो, सगळं सांगितलं, माफी मागितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नाव काढा माझं. गावही काढा. पण बोललेलं ठेवा, दुसरीला सापडू दे."

आता नाव-गावाची वही आमच्या कपाटात असते, कुलपात. टिपणात फक्त नंबर. तिचं बोलणं आम्ही गेल्या आठवड्यात पुन्हा शोधात घातलं.