दोन डोळ्यांचे ऋण

मराठीतील 'सुपारी' या शब्दाचे भाग्य मोठे विचित्र आहे. लग्न ठरले म्हणजे फुटते ती सुपारी. तमाशाच्या फडाला जत्रेसाठी ठरवून विसार द्यावयाचा, तीही सुपारीच. आणि मुंबईच्या गुन्हेगारी जगाने पैसे घेऊन माणूस मारण्याचा करार सुरू केला, तेव्हा त्या करारालाही याच शब्दाचे नाव मिळाले. वरवर पाहता हा एका सोज्ज्वळ शब्दाचा अधःपात वाटतो. परंतु थोडा विचार केला म्हणजे तिन्ही ठिकाणी एकच अर्थ आढळतो: दोन पक्षांत बोलणे झाले आहे, शब्द दिला गेला आहे, आता माघार नाही. फरक इतकाच की, शेवटच्या करारात ज्याचे सर्वस्व जावयाचे असते, त्याला मात्र कोणी विचारलेले नसते.

सुपारी घेणाऱ्याचा धंदा ज्या सोयीवर चालतो, ती हीच. वैर दुसऱ्याचे, कारण दुसऱ्याचे, पैसा दुसऱ्याचा. त्याचा स्वतःचा असतो तो केवळ हात. टपालवाल्याने पत्र पोचवावे, आतील मजकुराशी त्याला कर्तव्य नाही, तसे हा मनुष्य मृत्यू पोचवून मोकळा होतो. ज्याला मारले त्याच्याविषयी त्याला द्वेष नसतो, आणि द्वेष नसल्यामुळे पुढे पश्चात्तापालाही धरावयास जागा सापडत नाही. मग अशा मनुष्याच्या ठायी सदसद्विवेकबुद्धी जागी व्हावयाची, तर ती कोणत्या दाराने आत शिरावी?

हा प्रश्न एका गोळीबाराने दुमदुमलेल्या, अत्यंत देखण्या अशा चित्रपटाने विचारला आहे, हे ऐकून काहींना नवल वाटेल. चित्रपटाचे नाव 'द किलर'. तो १९८९ साली हाँगकाँगमध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जॉन वू, निर्माता त्सुई हार्क. भाडोत्री मारेकरी आ जोंग याच्या भूमिकेत चाउ युन-फॅट, त्याचा पाठलाग करणारा पोलीस अधिकारी ली याच्या भूमिकेत डॅनी ली, आणि गायिका जेनीच्या भूमिकेत सॅली येह. मूळ चिनी नावाचा अर्थ 'रक्त सांडणारे दोन वीर' असा काहीसा होतो. म्हणजे त्या नावात मारेकरी आणि पोलीस एकाच ओळीत उभे आहेत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कथेचा आरंभ एका चर्चमध्ये होतो. आ जोंग श्रद्धावान नाही. तेथील शांतता त्याला आवडते, म्हणून तो येऊन बसतो. त्याचा जुना मित्र फुंग सेई त्याला काम आणून देतो. काम ठरलेले असते एका रात्रीच्या क्लबात. आ जोंग आत शिरतो, आणि पाहता पाहता तेथे रणकंदन माजते. ज्यांना मारावयाचे ते मरतात. परंतु त्या धुमश्चक्रीत रंगमंचावर गाणारी मुलगी, जिचा या व्यवहाराशी काडीचाही संबंध नाही, ती अगदी जवळ सापडते. पिस्तुलाच्या तोंडाशी उडालेल्या जाळाने तिचे डोळे भाजतात. आ जोंग आपल्या गळ्यातील रुमाल काढून तिच्या डोळ्यांवर बांधतो आणि निघून जातो. पुढे काही महिन्यांनी तो पुन्हा तिचे गाणे ऐकावयास येतो. तिला आता जवळजवळ दिसत नाही. वाटेत तिला लुटावयास आलेल्या गुंडांपासून तो तिला वाचवतो, घरी पोचवतो, आणि दोघांचा स्नेह जमतो. ज्याने आपल्याला आंधळे केले, त्याच्याच हाताला धरून आपण चालत आहोत, हे तिला ठाऊक नसते.

येथे प्रेक्षकाने क्षणभर थांबावे. त्या रात्री क्लबात कितीतरी माणसे मेली. त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा आ जोंगच्या मनात पुन्हा येत नाही. येतात ते दोन डोळे. मेलेल्यांपेक्षा जखमी झालेलीचे दुःख मोठे, असे थोडेच आहे? मग असे का व्हावे? याचे उत्तर करारात आहे. मेलेली माणसे हिशेबातील होती. त्यांची किंमत ठरली होती, ती मिळाली होती, आणि ते कृत्य दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर मांडून टाकता येत होते. जेनीच्या डोळ्यांचे पैसे कोणीच दिलेले नाहीत. आयुष्यात प्रथमच आ जोंगच्या हातून असे काही घडले, जे सर्वस्वी त्याचे स्वतःचे आहे. सदसद्विवेकबुद्धी आत शिरते ती या दाराने. ती उपदेशाने येत नाही, भयानेही येत नाही. हिशेबाबाहेर राहिलेली एक रक्कम पुनःपुन्हा डोळ्यांसमोर उभी राहते, आणि ती कोणाच्या नावे लिहावी हे काही केल्या सापडत नाही.

महाराष्ट्रातील श्रोत्याला अशा वेळी वाल्या कोळ्याची गोष्ट आठवल्याखेरीज राहणार नाही. वाल्या प्रत्येक वधामागे एक खडा रांजणात टाकीत असे, आणि असे सात रांजण भरले होते, असे आपल्याकडे घरोघर सांगितले जाते. परंतु ते सात रांजणही त्याला जागे करू शकले नाहीत. ज्यांच्यासाठी हे करतोस, ते तुझ्या पापाचे वाटेकरी होतील काय, हे नारदाने विचारले, आणि बायकामुलांनी नाही म्हटले, तेव्हा तो जागा झाला. तात्पर्य, पापाची संख्या माणसाला हलवीत नाही. ते पाप आपले एकट्याचे आहे, ही जाणीव हलवते. आ जोंगच्या रांजणातील पहिला खडा म्हणजे ते दोन डोळे.

चिनी परंपरेलाही असा मारेकरी नवा नाही. ख्रिस्तपूर्व काळात होऊन गेलेला थोर इतिहासकार सीमा छ्येन याने आपल्या इतिहासग्रंथात मारेकऱ्यांच्या चरित्रांसाठी एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. त्यात न्ये चंग नावाच्या एका खाटकाची कथा येते. एक सरदार आपल्या शत्रूला मारण्यासाठी त्याच्यापुढे सोने ठेवतो. न्ये चंग ते नाकारतो. म्हातारी आई जिवंत असेपर्यंत आपला देह आपण दुसऱ्याला देऊ शकत नाही, असे तो सांगतो. आई वारल्यानंतर मात्र तो आपण होऊन जातो, कारण त्या सरदाराने एका सामान्य खाटकाचा मान राखला होता. काम झाल्यावर, ओळख पटून बहिणीवर संकट येऊ नये, म्हणून तो स्वतःचा चेहरा विद्रूप करतो, डोळे काढतो आणि प्राण देतो. त्या जुन्या जगात मारेकऱ्याला विकत घेणारी वस्तू सोने नव्हती, मान होता. आ जोंग आणि फुंग सेई हे दोघे अशाच कोणा जुन्या बाण्याचे अखेरचे वारस आहेत. शब्दाला आता किंमत उरली नाही, आपण दोघे या काळाला जुनेपुराणे झालो, अशी खंत ते एकमेकांजवळ बोलून दाखवतात. जॉन वू १९७० नंतरच्या वर्षांत चांग चेह या तलवारबाजीच्या चित्रपटांच्या नामांकित दिग्दर्शकाचा साहाय्यक होता. त्या चित्रपटांतील तलवार त्याने खाली ठेवली आणि नायकाच्या दोन्ही हातांत पिस्तुले दिली; आतला बाणा मात्र तोच ठेवला.

दुसरे ऋण पॅरिसचे आहे, आणि ते वूने मोकळेपणाने मान्य केले आहे. ज्याँ-पिएर मेलव्हिल या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'ल सामुराई' हा चित्रपट १९६७ चा. त्यातील मारेकरी जेफ कोस्तेलो, म्हणजे आलँ दलाँ, एका ओक्याबोक्या खोलीत पिंजऱ्यातील एका पक्ष्यासह राहतो. तो फारसे बोलत नाही; हॅटची कड बोटाने सारखी करतो आणि कामावर निघतो. एका क्लबाच्या मालकाचा खून करून बाहेर पडताना तेथील पियानो वाजवणारी स्त्री त्याला समोरासमोर पाहते. पोलिसांपुढे मात्र ती त्याला ओळखत नाही. पुढे त्याच स्त्रीला मारण्याची सुपारी त्याला मिळते. तो सर्वांदेखत क्लबात जातो, तिच्यावर पिस्तूल रोखतो, आणि पोलिसांच्या गोळ्यांनी कोसळतो. मग ध्यानात येते की त्याच्या पिस्तुलात एकही गोळी नव्हती. मेलव्हिलच्या नायकाची सदसद्विवेकबुद्धी एका रिकाम्या पिस्तुलाएवढी आहे: थंड, निःशब्द आणि पूर्ण. वूचा नायक याच्या अगदी उलट आहे. तो हळवा आहे, तोंडाचा बाजा वाजवतो, मित्रासाठी रडतो. आणि त्याच्या पिस्तुलातील गोळ्या संपता संपत नाहीत.

आणि येथेच त्याची खरी कोंडी आहे. जेनीची दृष्टी परत यावयाची तर नेत्रपटलाचे रोपण हवे, आणि त्याला पैसा हवा. आ जोंगला पैसा मिळवण्याची एकच विद्या येते. तेव्हा तो ठरवतो की, आता एकच शेवटचे काम घ्यावयाचे. जलक्रीडेच्या उत्सवात, ड्रॅगनच्या आकाराच्या होड्यांच्या शर्यतीच्या वेळी, तो आणखी एका माणसाला गोळी घालतो. एका निरपराध मुलीचे डोळे परत मिळवण्यासाठी दुसऱ्या एका जिवाची किंमत! ऋण फेडावयाचे, आणि तेही त्याच नाण्याने, ज्या नाण्याने ते झाले. या नाण्याचा गुण असा की ते हातात येताच कर्ज वाढवते. काम देणाराच आता त्याच्या जिवावर उठतो. पाठलागात समुद्रकिनाऱ्यावर एक लहान मुलगी गोळीने जखमी होते. पळून जाण्याची वाट मोकळी असता आ जोंग तिला उचलून रुग्णालयात नेतो, आणि पाठोपाठ येऊन पोचलेल्या लीच्या पिस्तुलासमोर उभा राहून, डॉक्टरांनी तिला वाचवावे म्हणून थांबतो. ज्या मनुष्याला पकडावयाचे, त्याच्याविषयी आदर वाटू लागणे, ही लीची शोकांतिका या प्रसंगापासून सुरू होते.

यानंतरचा एक प्रसंग संपूर्ण चित्रपटाचे सार सांगतो. जेनीच्या घरात दोघे समोरासमोर येतात. दोघांची पिस्तुले एकमेकांवर रोखलेली; मध्ये चहा करणारी जेनी. तिला दिसत नाही, म्हणून ते दोघे बालमित्र असल्याचे सोंग करतात आणि हसून बोलत राहतात. प्रेक्षकाला हसू येते, आणि त्याच क्षणी तो दचकतो; कारण खोलीत एकच व्यक्ती निःशंक आहे, आणि ती आंधळी आहे. पुढे सोंगातील मैत्री खरी होते. आ जोंग लीकडून वचन घेतो: आपण मेलो, तर आपले डोळे जेनीला द्यावेत.

या चित्रपटावर एक आक्षेप सदैव घेतला जातो, आणि तो टाळून चालणार नाही. मंद गतीने उडणारी कबुतरे, शेकडो मेणबत्त्या, नृत्यासारखी लयबद्ध चकमक, पडतानाही देखणा दिसणारा नायक: हे सारे हिंसेला सुंदर करून दाखवणे नव्हे काय? जो पश्चात्ताप करतो, तोच इतक्या ऐटीत गोळ्या झाडतो, हा दांभिकपणा नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. मरणाऱ्या असंख्य गुंडांना या चित्रपटात चेहरा नाही. आ जोंगप्रमाणे दिग्दर्शकही त्यांना हिशेबात धरूनच चालतो. तथापि दुसरी बाजूही पाहावयास हवी. वू १९४६ साली चीनमधील ग्वांगजौ शहरी जन्मला; लहानपणीच त्याचे कुटुंब हाँगकाँगला आले आणि झोपडवस्तीत राहिले. १९५३ च्या नाताळात शेक किप मे येथील भीषण आगीत हजारो लोक बेघर झाले, त्यांत हे कुटुंबही होते. चर्चच्या मार्फत मिळालेल्या मदतीवर तो मुलगा शिकला. चर्च म्हणजे आसरा, हे त्याला पुस्तकातून कळलेले नव्हते. आणि तरीही शेवटची लढाई त्याने चर्चमध्येच ठेवली. मरियमची मूर्ती त्यात छिन्नविच्छिन्न होते. गोळी जेथे पोचते, तेथे आसरा उरत नाही, हे त्याने आपल्या सर्वांत प्रिय जागेचा विध्वंस करून दाखवले.

त्या चर्चमध्ये फुंग सेई मित्राचे पैसे घेऊन येतो. ते मिळवताना त्याने आपला प्राण खर्ची घातलेला असतो. पैसा आला, वचनही आहे. आणि मग टोळीचा प्रमुख गोळी झाडतो, ती आ जोंगच्या डोळ्यांवर लागते. जे डोळे द्यावयाचे ठरले, तेच उरत नाहीत. रक्ताने माखलेला, आंधळा झालेला आ जोंग जेनीला हाका मारीत जमिनीवरून सरपटतो. जवळजवळ आंधळी जेनी त्याला शोधीत सरपटते. आणि दोघे एकमेकांजवळून निघून जातात. हात हाताला लागत नाही. तो मरतो. टोळीप्रमुख मात्र पोलिसांना शरण जाऊन सुरक्षित होऊ पाहतो. तेव्हा ली, कायद्याचा सेवक ली, त्याला सर्वांसमक्ष गोळ्या घालतो आणि स्वतः गुन्हेगार ठरतो.

ऐटदार चित्रपटाने इतका निष्ठुर शेवट करण्याचे कारण काय? नायक जिवंत राहिला असता, मुलीला दृष्टी आली असती, तर प्रेक्षक समाधानाने घरी गेले असते. परंतु मग सांगितले गेले असते ते एवढेच, की पुरेशा गोळ्या झाडल्या म्हणजे गोळीचे पापही धुतले जाते. वूने ते खोटे सांगण्याचे नाकारले. त्याने नायकाला औदार्य दिले, मैत्री दिली, सौंदर्य दिले; ऋणमुक्ती मात्र दिली नाही. २०२४ साली त्याने हीच कथा पॅरिसमध्ये, एका स्त्रीला मारेकरी करून, पुन्हा चित्रित केली. पस्तीस वर्षांनीही त्या कथेच्या मुळाशी तीच एक गायिका आणि तिची गेलेली दृष्टी होती.

वाल्याला वाल्मीकी होण्यासाठी कमठा खाली ठेवावा लागला, आणि अंगावर वारूळ चढेपर्यंत एका जागी बसावे लागले. आ जोंगला बसावयास सवड नव्हती, आणि शस्त्र खाली ठेवण्याचे धैर्य, इतके धैर्य असूनही, त्याच्यापाशी नव्हते. सदसद्विवेकबुद्धी त्याच्या ठायी जागी झाली, यात संशय नाही. परंतु जागे होणे आणि मुक्त होणे यांमध्ये जे अंतर आहे, ते पिस्तुलाने कापता येत नाही. चित्रपटाच्या अगदी शेवटी, सारे शांत झाल्यावर, तोंडाचा बाजा वाजवणारा आ जोंग क्षणभर पुन्हा दिसतो. तो सूर गोड आहे. आणि ज्या दोन डोळ्यांसाठी त्याने एवढे केले, ते मात्र अखेरपर्यंत उघडलेले नाहीत.