डाळिंबाची गुटी आणि तेल्या



दुखणेकऱ्याला डाळिंब हवेच. त्याच डाळिंबाच्या दुखण्याविषयी दोन शब्द सांगते.

तेल्या हा जिवाणूंचा रोग. पानाफळांवर तेलकट ठिपके पडतात, मग फळ तडकते. आपल्या देशात त्याची पहिली नोंद १९५२ साली दिल्लीला झाली. २००२-०३ नंतर सोलापूर, नाशिककडे बागाच्या बागा उपटाव्या लागल्या. कर्ज काढून लावलेली झाडे ती. घरच्या बायांच्या जिवाला काय वाटले असेल!

पावसाच्या शिंतोड्यांनी रोग झाडावरून झाडावर जातो. पण गावोगाव त्याला नेले माणसांनीच. रोगट झाडाची गुटी वरून चांगली दिसते. सोयऱ्याने दिली, आपण लावली. एकाच कात्रीने सारी बाग छाटली. त्यातून जिकडेतिकडे भगवा हीच जात. गुटीची झाडे एकाच रक्ताची. एकाला बाधते ते सर्वांना बाधते.

म्हणून विनंती, हळदीकुंकवाच्या वाणात रोप द्याल तर निरोगी बागेतलेच द्या. कात्री औषधात बुडवून मगच दुसऱ्या झाडाला लावा. रोगट फांद्या-फळे जाळा. आणि परसात एखादे जुने गावरान डाळिंब, ठिपक्यांवर नजर ठेवून, जरूर जपा.