तारांचा पीळ

आरंभीच्या टेलिफोनला तारायंत्राप्रमाणे एकच तार असे. प्रवाह जमिनीतून परत येई. त्यामुळे एका घरचे खासगी बोलणे शेजारच्या तारेवरून भलत्याच्याच कानी पडे. बदलत्या प्रवाहाभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते व ते लगतच्या तारेत विद्युत्‌दाब प्रवर्तित करते, हे त्याचे कारण होय.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली यावरील उपायाचे पेटंट मिळविले: दोन तारा घ्याव्यात आणि त्या एकमेकींभोवती पिळाव्यात. पिळामुळे दोन्ही तारा आळीपाळीने उपद्रवी तारेच्या निकट येतात. दोहोंत जवळजवळ सारखाच दाब प्रवर्तित होतो. टेलिफोनला मात्र दोहोंतील फरकच तेवढा ऐकू येतो आणि तो नगण्य असतो.

परंतु शेजारच्या दोन जोड्यांचा पीळ सारखाच असेल, तर त्यांच्या तारांची परस्परस्थिती सर्वत्र तीच राहते आणि उपद्रव साचत जातो. म्हणून केबलमधील जोड्यांचा पीळ निरनिराळा ठेवतात. श्रोत्यांपैकी कोणी संगणकजालाच्या चार जोड्यांच्या केबलचे आवरण सोलून पाहिले, तर हा भेद नुसत्या डोळ्यांनाही दिसेल. ज्याचे बोलणे त्याच्यापाशीच राहते, ते इतक्या साध्या युक्तीने.