दर्याची खबर आणि शेवटची कडी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



कोकणातील आपल्या कितीतरी घरांची चूल पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर पेटत आली आहे. कोणी तांडेल, कोणी खलाशी. म्हणून आज दर्याच्या खबरीविषयी चार शब्द.

२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्रतळ हादरला. त्सुनामीच्या लाटा तमिळनाडूला पोचायला त्यानंतर दोन तासांहून अधिक वेळ लागला. तेवढ्या अवधीत लहान मूलही किनाऱ्यापासून दूर चालत गेले असते. पण हिंदी महासागरात पूर्वसूचनेची यंत्रणाच नव्हती. भारतात दहा हजारांवर माणसे दगावली. आपला किनाराही निर्धास्त नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानजवळच्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या.

ऑक्टोबर २००७ मध्ये हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेत त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. विद्यार्थ्यांनो, त्याची रचना समजून घ्या. खोल समुद्राच्या तळाशी दाब मोजणारे यंत्र ठेवतात. वरून त्सुनामी गेली की तेथील दाब किंचित बदलतो. खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी दूर जात नाहीत. ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातो. म्हणून तळाचे यंत्र ध्वनिसंकेताने वरच्या तरंगत्या बोयाला कळवते, बोया उपग्रहाला आणि उपग्रह केंद्राला. हे सारे काही मिनिटांत घडते.

मात्र या साखळीची शेवटची कडी यंत्र नव्हे, माणूस आहे. बोयाला होडी बांधली, त्याचे भाग काढून नेले, की साखळी तुटते. भर समुद्रात मोबाईलला संदेश मिळत नाही. त्यासाठी २०१९ मध्ये ‘जेमिनी’ हे उपकरण निघाले. उपग्रहाकडून आलेली सूचना ते मोबाईलवर दाखवते. पण ती वाचून, समजून, वेळीच होडी वळवणारा माणूस होडीवर हवा ना?

पालकहो, म्हणूनच विनंती आहे. हंगाम लागला म्हणून मुलाला आठवीतून काढून होडीवर धाडू नका. मुलीचेही गणित-विज्ञान अर्ध्यावर सोडू नका. उद्या होडीवर सूचना वाचणारा आपला मुलगा असेल आणि केंद्रात बसून ती धाडणारी आपली मुलगी असेल, तर ही साखळी आपल्या दारापर्यंत पोचली असे मी मानीन.

खुदा हाफिज.