जुन्या ढोलकीच्या खोडाला नवी झळाळी

नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या चोरखमारा परिसरासह पूर्व विदर्भातल्या साऱ्या झाडीपट्टीत खडी गंमत या लोकनाट्याला साथ करणाऱ्या ढोलकीचे खोड,
म्हणजे तिचा पोकळ लाकडी सांगाडा,
शिवणीसारख्या हलक्या, टिकाऊ लाकडाचे असल्यास घरीही नव्याने खुलवता येते.

प्रथम दोरी सोडवून पुड्या, म्हणजे चामड्याची तोंडे, उतरवावीत;
मग बारीक पॉलिशपेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवावा,
कारण आडवे ओरखडे पॉलिशखाली अधिकच उठून दिसतात.

पळसावरच्या लाखेपासून होणारा चपडा चुलीपासून दूर, स्पिरिटमध्ये विरघळवून,
मऊ कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने पातळ लावावा.

थर पातळच हवा, श्रोतेहो, थर पातळच हवा;
पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा,
आणि ज्या पोकळीत नाद घुमतो, तिची आतली बाजू कोरीच ठेवावी.