पुरुषांचे पोषण आणि अपत्यप्राप्ती



विवाहानंतर दोन-तीन वर्षांत पाळणा हलला नाही, की पहिले बोट सुनेकडे दाखविले जाते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हाही या जुन्या रीतीला अपवाद नाही. नवस, उपास, सवतीची धास्ती हे सारे तिच्याच वाट्याला येते. वास्तविक, वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणांचाही वाटा असतो. वीर्यतपासणी ही साधी व बिनधोक तपासणी आहे. परंतु लाजेपोटी ती टाळली जाते आणि तिच्या जागी घरात ‘शक्तिवर्धक’ पूड येते.

या पुड्या-गोळ्यांचा उपयोग किती? अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या पुरुषांना सहा महिने दररोज ५ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल व ३० मिलिग्रॅम जस्त, तर उरलेल्यांना औषधविरहित गोळी देण्यात आली. अपत्यजन्माचे प्रमाण पहिल्या गटात ३४, तर दुसऱ्यात ३५ टक्के आढळले. पोटाच्या तक्रारी मात्र पहिल्या गटातच अधिक होत्या.

याचा अर्थ पोषण निरर्थक आहे, असा नव्हे. शुक्रजंतूंच्या निर्मितीस जस्त व फॉलिक आम्ल दोन्ही लागतात. परंतु शरीरात उणीव नसता वरून भर घातल्याने लाभ होतोच असे नाही. कळमनुरी-सेनगावच्या शिवारातील ज्वारी, तूर व हरभरा, जोडीला शेंगदाणे, तीळ, पालेभाज्या, दूध व अंडी, एवढ्याने बहुतेकांची गरज भागू शकते. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून ‘आठ दिवसांत गुण’ हा दावाच फोल ठरतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे तंबाखू, मद्य आणि बेपर्वा फवारणी यांपासून दूर राहणे. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका कारखान्यात सूत्रकृमिनाशक तयार करणाऱ्या कामगारांमध्ये वंध्यत्व आढळले होते. शरीर कमावण्यासाठी टोचून घेतलेले टेस्टोस्टेरॉनही शुक्रजंतूंची निर्मिती घटविते.

लैंगिक शक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. पूरक आहाराच्या वेष्टनावर तो औषधी उपयोगासाठी नसल्याचा उल्लेख असणे २०१६ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. हे वेष्टन वाचून दाखविण्याचे काम शिक्षकांनी करावे. ग्रामपंचायतीने आठवडी बाजारातील फसव्या विक्रीची माहिती अन्न व औषध प्रशासनास द्यावी. आरोग्य कर्मचाऱ्यांनी पती-पत्नी दोघांनाही एकाच वेळी तपासणीस पाठवावे.

वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा न झाल्यास दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. पुरुषाने तपासणीस पुढे होण्यात कमीपणा नाही. न केलेल्या अपराधाची शिक्षा भोगणाऱ्या एका स्त्रीची त्यातून सुटका होऊ शकते.