दुसरा जुडगा
(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाला, पासवर्डवर बोल. पण जेवणानंतरची वेळ आहे, झोपवू नकोस." म्हणून आधी शाळेच्या किल्ल्यांची गोष्ट.

आपण नववीत असताना ओढ्याला पूर आला आणि शिपाईकाका पलीकडे अडकले. शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला. आपण मनातून सुट्टी जाहीर करून टाकली होती. तेवढ्यात हेडसर छत्री घेऊन आले आणि त्यांनी खिशातून दुसरा जुडगा काढला. पहिला तास गणिताचाच झाला! त्या जुडग्याचा तेव्हा फार राग आला होता. त्याची किंमत कळायला मला पस्तीस वर्षं लागली.

दोन वर्षांपूर्वी गावी विहिरीवरची मोटार बघायला वाकलो आणि वरच्या खिशातला मोबाईल पाण्यात गेला. दोन दिवसांत त्याच नंबरचं नवं सिमकार्ड मिळालं, बँकेचं कामही सुरळीत झालं. पण माझं एक ऑनलाइन खातं काही उघडेना. त्यात आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या तेहतीस ओव्या होत्या. आई गेली त्याआधीच्या दिवाळीत मी त्या रेकॉर्ड केल्या होत्या.

पासवर्ड चांगला वीस अक्षरी होता, पण लिहिलेला फक्त त्या मोबाईलमध्ये. लॉगिनचा सहा आकडी कोड देणारं ॲपही त्यातच. खात्याला जोडलेला ईमेल जुन्या नोकरीचा, केव्हाच बंद पडलेला. कंपनीने पुष्कळ प्रश्न विचारले आणि शेवटी नाही म्हटलं. त्यांना दोष देत नाही. तो मीच, हे पटवायला माझ्याकडे काही नव्हतं. आणि मी तीस वर्षं लोकांना 'बॅकअप घ्या' म्हणून सांगत होतो!

चोराला दार उघडू नये याची काळजी मी घेतली होती. मला स्वतःला ते उघडावं, याची घेतली नव्हती. आता काय करतो ते सांगतो.

प्रत्येक खात्याला वेगळा, लांब पासवर्ड ठेवतो. कारण एका ठिकाणचा फुटला की चोर तोच दहा ठिकाणी लावून बघतात. इतके पासवर्ड पाठ होत नाहीत, म्हणून पासवर्ड मॅनेजर वापरतो. बिटवॉर्डन सगळ्या उपकरणांवर यादी आपोआप सारखी ठेवतं. कीपासमध्ये सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाईलमध्ये राहतात. मी कीपास घेतलं. बदल फक्त लॅपटॉपवर करतो आणि फाईल मोबाईलमध्ये उतरवतो, म्हणजे जुनी-नवी असा घोळ होत नाही.

पाठ एकच करायचा, त्या फाईलचा. त्यासाठी डाइसवेअर नावाची पद्धत आहे. फासा पाच वेळा टाकायचा आणि ७,७७६ शब्दांच्या यादीतून त्या आकड्याचा शब्द घ्यायचा. असे पाच शब्द घेतले की २८ वर अठरा शून्यं इतक्या जोड्या होतात. शब्द मनाने निवडू नका. मन नातवाचं नाव आणि जन्मसालच सुचवतं.

मग प्रती. फाईल लॅपटॉपवर, मोबाईलमध्ये आणि एका पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह दुसऱ्या गावी, धाकट्या बहिणीकडे. दर दिवाळीला तिच्याकडे जातो तेव्हा नवी प्रत ठेवतो आणि ती उघडूनही बघतो.

दोन टप्प्यांचं लॉगिन असेल तर बॅकअप कोड कागदावर छापून ठेवा. गूगल असे दहा कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. खात्याला जोडलेला फोन नंबर आणि ईमेल आजही चालू आहे ना, हे आज रात्रीच बघा.

आपण सगळे आता पन्नाशी ओलांडलेले, म्हणून शेवटचं. कपाटात विम्याच्या कागदांजवळ एक बंद पाकीट ठेवलंय. त्यात फाईलचा पासवर्ड आणि ती कुठे आहे ते लिहिलंय. बायकोला माहीत आहे. बँकेचा पिन मात्र त्या पाकिटातही नको, फाईलमध्येही नको. पैशांसाठी नॉमिनी लावा. गूगलमध्येही अशी सोय आहे: खातं ठरावीक महिने वापरलं गेलं नाही, तर आपण नेमलेल्या माणसांना त्यातले फोटो वगैरे मिळतात.

तेहतीसपैकी चार ओव्या मी त्या दिवाळीत सहज बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवल्या होत्या. तेवढ्याच राहिल्या. आता त्या तीन ठिकाणी आहेत.

हेडसर आज समोर बसले आहेत. सर, तेव्हा रागावलो होतो, माफ करा. दुसरा जुडगा घरी ठेवायचा, हा धडा तुम्ही पुस्तकाबाहेरून शिकवला होता. मी तो उशिरा शिकलो.